ब्लॅकमेलविषयक रहस्यपट

ब्लॅकमेलविषयक रहस्यपट : विवाहबाह्य संबंधाचे गुपित तिसऱ्या व्यक्तीच्या हाती लागते, ती व्यक्ती ते उघड करण्याची धमकी देऊन पैसा वा अन्य लाभ उकळू लागते आणि त्या दडपणाखाली संबंधित स्त्री-पुरुषांचे जीवन ढवळून निघते, या सूत्राभोवती गुंफलेला रहस्यपटांचा एक उपप्रकार. ‘गुन्हा कोणी केला ?’ हा प्रश्न सर्वसामान्य हेरपटात मध्यवर्ती असतो. या उपप्रकारात मात्र गुपित प्रेक्षकाला बहुधा आरंभीच ठाऊक असते. ते घरातील इतरांना केव्हा व कसे कळणार, याची टांगणी हाच त्याचा गाभा होय. त्यामुळे खून, पाठलाग अथवा पोलिसी तपास यांच्या अभावीही असे चित्रपट परिणामकारक होऊ शकतात. दारावरची घंटा, दूरध्वनीचा आवाज किंवा टपालाने आलेले पाकीट एवढ्या सामग्रीवर त्यांतील भय उभे राहते.

शब्दाचा इतिहास : ‘ब्लॅकमेल’ हा शब्द सोळाव्या शतकातील इंग्लंड-स्कॉटलंड सीमाप्रदेशातून आला. त्यातील ‘मेल’ या घटकाचा टपालाशी संबंध नाही. स्कॉट बोलीत त्याचा अर्थ खंड वा देणे असा होता. सीमेवरील लुटारू टोळ्यांना गावकरी लुटीपासून अभय मिळावे म्हणून जे देणे देत, त्यास हे नाव होते. गुजरात, माळवा व त्यांना लागून असलेला खानदेशचा वायव्य भाग येथे ‘गिरास’ या नावाने गावांकडून घेतले जाणारे देणे याच जातीचे होते व एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांना त्यावरून ब्लॅकमेलची आठवण झाली, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला. शेतातील पीक जाळण्याच्या धमकीऐवजी अब्रू घालविण्याची धमकी असा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. नागरी मध्यमवर्गाची वाढ, लोकलौकिकाला आलेले मोल, स्वस्त टपाल आणि छायाचित्रणाचा प्रसार ही या अर्थांतरामागील प्रमुख कारणे होत. मराठीत ‘भयादोहन’ यासारखे पर्याय सुचविले गेले, तरी बोलण्यात व वृत्तपत्रांत मूळ शब्दच रुळला आहे.

रचना व तंत्र : या चित्रपटांत सामान्यतः चार भूमिका असतात : पती, पत्नी, प्रियकर (किंवा प्रेयसी) आणि धमकी देणारी व्यक्ती. चौघांना जोडणारी एखादी वस्तू कथानकात असते. पूर्वी ती प्रेमपत्र, विसरलेला दागिना वा छायाचित्र असे. पुढे तिची जागा ध्वनिफीत, चित्रफीत आणि भ्रमणध्वनीतील चित्रे यांनी घेतली. मागणी आरंभी लहान असते. ती पुरी केली, की देणाऱ्याची भीती सिद्ध होते व म्हणून पुढची मागणी वाढते. पैसा कोठून आणला हे लपविण्यासाठी नवे खोटे बोलावे लागते आणि मूळ गुपितापेक्षा त्याभोवतीची लपवाछपवीच अधिक घातक ठरते. या वाढत्या क्रमाचा शेवट करण्याचे मार्ग तीनच : बळी पडलेल्या व्यक्तीने स्वतः होऊन कबुली देणे, धमकी देणाऱ्याचा नाश होणे अथवा त्याचे खरे रूप उघड होणे. बहुतेक पटकथा यांपैकी एकाची किंवा दोहोंची योजना करतात.

दिग्दर्शनाच्या दृष्टीने बंद खोल्या, आरसे, जिने व दरवाजे यांचा वापर या प्रकारात विशेष दिसतो. घर हे एरवी सुरक्षिततेचे स्थान. येथे तेच संशयाचे स्थान बनते. पतीचा साधा प्रश्न पत्नीला उलटतपासणीसारखा वाटावा, अशी संवादांची योजना केलेली असते.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : या सूत्राला साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती ऑस्ट्रियन लेखक श्टेफान त्स्वाइक (१८८१–१९४२) याच्या ‘आंग्स्ट’ (म्हणजे भय) या दीर्घकथेने. व्हिएन्नातील एका वकिलाची पत्नी एका पियानोवादकाच्या प्रेमात पडते. त्याच्या घरातून बाहेर पडताना तिला एक अनोळखी स्त्री अडविते व नंतर वारंवार पैसे मागू लागते. अखेर विष घेण्याच्या विचाराप्रत आलेल्या पत्नीला पतीच थांबवितो. तिला कबुली देता यावी म्हणून त्यानेच एका बेकार नटीला हे काम दिलेले असते, असा उलगडा होतो. या कथेवर १९२८ साली जर्मनीत मूकपट, १९३६ मध्ये फ्रान्समध्ये बोलपट आणि १९५४ मध्ये इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेल्लीनी याचा ‘ला पाउरा’ हा चित्रपट निघाला. रोस्सेल्लीनीने कथा युद्धोत्तर म्यूनिकमध्ये आणली, पतीला शास्त्रज्ञ केले आणि इंग्रिड बर्गमनने साकारलेल्या नायिकेला कारखाना चालविणारी कर्तृत्ववान स्त्री म्हणून रंगविले. पती प्रयोगशाळेत जनावरांवर प्रयोग करतो व घरी पत्नीवर, ही तुलना चित्रपटात जाणीवपूर्वक साधली आहे.

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या आरंभीच्या ब्रिटिश बोलपटात नायिका पोलीस अधिकारी असलेल्या वाग्दत्त वराला चुकवून एका चित्रकाराबरोबर जाते. त्याच्या बळजबरीस प्रतिकार करताना त्याचा मृत्यू ओढवतो आणि तिच्या हातमोज्याच्या आधारे एक भटक्या दोघांना वेठीस धरतो. सॉमरसेट मॉम याच्या नाटकावरील ‘द लेटर’ (१९४०) मध्ये प्रियकराला लिहिलेले एक पत्र विकत घेण्याचा प्रसंग मध्यवर्ती आहे. फ्रेडरिक नॉटच्या नाटकावरून हिचकॉकने केलेल्या ‘डायल एम फॉर मर्डर’ (१९५४) मध्ये पत्नीच्या प्रेमपत्राच्या आधारे निनावी धमक्या देणारा तिचा पतीच असतो. याच कथासूत्रावर हिंदीत मुकुल आनंद यांचा ‘ऐतबार’ (१९८५) निघाला.

ब्लॅकमेल व कायदा यांचा संबंध स्पष्ट करणारा चित्रपट म्हणून ‘व्हिक्टिम’ (१९६१) या ब्रिटिश चित्रपटाचा निर्देश करावा लागतो. त्याचा विषय विवाहबाह्य संबंधापेक्षा भिन्न, म्हणजे समलिंगी आकर्षण हा आहे. परंतु खाजगी वर्तन कायद्याने गुन्हा ठरविले, की ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हाती शस्त्र मिळते, हा त्यातील युक्तिवाद त्या काळच्या सार्वजनिक चर्चेशी जुळणारा होता. संबंधित कायदा इंग्लंडमध्ये १९६७ साली शिथिल करण्यात आला.

हिंदी चित्रपट : बी. आर. चोप्रा यांचा ‘गुमराह’ (१९६३) हा भारतातील या प्रकाराचा प्रातिनिधिक चित्रपट होय. पंडित मुखराम शर्मा यांची कथा, साहिर लुधियानवी यांची गीते व रवी यांचे संगीत त्यास लाभले. नैनीतालच्या मीनाचे (माला सिन्हा) राजेंद्र या कलावंतावर (सुनील दत्त) प्रेम असते. थोरल्या बहिणीच्या अकाली मृत्यूनंतर तिच्या मुलांसाठी मीना आपल्या मेहुण्याशी, म्हणजे मुंबईतील वकील अशोक (अशोक कुमार) याच्याशी विवाह करते. राजेंद्रची पुन्हा गाठ पडते, भेटी सुरू होतात आणि आपण राजेंद्रची पत्नी असल्याचे सांगणारी लीला नावाची स्त्री मीनेला छळू लागते. ती अशोकचीच साहाय्यक असून त्याच्याच सांगण्यावरून वागत होती, हे शेवटी उघड होते आणि मीना पतीच्या घरी राहण्याचा निर्णय घेते. त्स्वाइकच्या कथेशी असलेले या कथानकाचे साम्य लक्षणीय आहे. भारतीय भर आहे ती विवाहाच्या कारणात : येथे नायिका सुखासीनतेला कंटाळून नव्हे, तर कर्तव्यापोटी केलेल्या विवाहातून जुन्या प्रेमाकडे ओढली जाते. चित्रपटाच्या प्रारंभी लक्ष्मणरेषेचा प्रसंग योजून त्याचे नैतिक सूत्र सूचित केले आहे. याच कथानकाचा नवा अवतार ‘बेवफा’ (२००५) या चित्रपटात पाहावयास मिळतो.

लीलेची भूमिका करणाऱ्या शशिकला (१९३२–२०२१) या मूळच्या सोलापूरच्या जवळकर कुटुंबातील मराठी अभिनेत्री. या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आवाजातील लाडिक गोडवा व नजरेतील हिशेबीपणा यांच्या मिश्रणाने त्यांनी ब्लॅकमेल करणाऱ्या स्त्रीचा जो नमुना उभा केला, त्याची छाया नंतरच्या अनेक खलनायिकांवर पडली. अशोक कुमार यांचे बालपण खानदेशच्या सीमेपलीकडील खांडव्यात गेले. त्यांचे वडील तेथे वकिली करीत. सौम्य, विचारी आणि तरीही काही हातचे राखून वागणारा पती त्यांनी संयमाने साकारला.

‘गुमराह’ प्रदर्शित झाला त्या वर्षीच आर. के. नय्यर यांचा ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा चित्रपट आला. १९५९ साली मुंबईत घडलेल्या नानावटी प्रकरणाची पार्श्वभूमी त्यास होती. नौदलातील अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्याच्या या प्रकरणाने विवाहबाह्य संबंधाचा विषय सुशिक्षित घरांतील चर्चेत आणला. सुनील दत्त यांनी एका चित्रपटात प्रियकराची व दुसऱ्यात पतीची भूमिका केली. नानावटी प्रकरणात पत्नीने पतीजवळ स्वतः कबुली दिली होती, त्यामुळे तेथे ब्लॅकमेलला वावच उरला नव्हता. शोकांतिका घडली ती पतीच्या प्रतिक्रियेतून. हा भेद या चित्रपटप्रकाराच्या आकलनास उपयुक्त आहे.

मराठी चित्रपट व दिग्दर्शक : राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) यांनी मराठीत रहस्यपटाची परंपरा निर्माण केली. तथापि मराठी चित्रपटाचा मुख्य प्रेक्षक कौटुंबिक असल्याने विवाहबाह्य संबंध व ब्लॅकमेल यांची सांगड त्यात क्वचितच प्रमुख विषय झाली. महेश मांजरेकर यांचा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांतील ‘अस्तित्व’ (२०००) हा रहस्यपट नव्हे व त्यात धमकी देणारेही कोणी नाही. पूर्वीच्या संगीत-शिक्षकाने मृत्युपत्रान्वये नायिकेला ठेवलेल्या मालमत्तेमुळे जुना संबंध उजेडात येतो. परंतु गुपित उघड झाल्यावर घर एका स्त्रीला कोणत्या मापाने मोजते आणि पुरुषाला कोणत्या, हा ब्लॅकमेलपटांनी बहुधा टाळलेला प्रश्न तो थेट विचारतो.

रमेश देव व सीमा देव या मराठी कलावंत दांपत्याचे पुत्र अभिनय देव यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्लॅकमेल’ (२०१८) हा हिंदी चित्रपट या प्रकाराचा अलीकडील लक्षवेधी नमुना होय. नायक देव (इरफान खान) हा एका कंपनीत विक्रीविभागात काम करणारा सामान्य नोकरदार. एके दिवशी अनपेक्षितपणे लवकर घरी आला असता त्याला पत्नीचा (कीर्ती कुल्हारी) प्रियकर दिसतो. तो आरडाओरड वा मारहाण करीत नाही. प्रियकराला निनावी धमकी देऊन पैसे मागतो. प्रियकर आपल्या धनिक पत्नीकडून पैसा आणतो आणि तो संपताच देवच्याच पत्नीला निनावीपणे धमकावू लागतो. ती पैशासाठी पतीकडेच हात पसरते. कचेरीतील सहकाऱ्यांना सुगावा लागताच खुद्द देवलाही धमक्या येऊ लागतात. अशा रीतीने एकच रक्कम एकाच वर्तुळात फिरत राहते. पतीनेच धमकी द्यावी, हे जुने सूत्र येथे उपहासाच्या अंगाने वापरले आहे. ‘गुमराह’मधील पतीच्या कृतीला सुधारणेचा मुलामा होता, येथे तीच कृती घराच्या हप्त्यांनी पिचलेल्या माणसाचा सूड व कमाई म्हणून दिसते आणि कोणीही निष्कलंक राहत नाही.

खानदेश आणि हा विषय : जळगाव जिल्ह्यातील भुसावळ हे रेल्वेचे मोठे प्रस्थानक असल्यामुळे चित्रपट-वितरणाचे महत्त्वाचे केंद्र बनले. चित्रपट-व्यवसायाने देशाचे जे व्यापारी विभाग पाडले, त्यांपैकी मध्य विभागातील व्यावसायिकांच्या ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’ या संघटनेचे कार्यालय भुसावळास आहे. चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या आगगाडीने येत-जात, त्या काळी वितरकांना हे ठिकाण सोयीचे होते. अंकीय प्रक्षेपणानंतर पेट्यांची ही वाहतूक संपली. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व (आताचा जळगाव) व पश्चिम (धुळे) असे दोन जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला; परंतु नातेसंबंध, अहिराणी बोली व बाजारपेठ यांनी हा प्रदेश एकत्र बांधलेला आहे. अशा परस्परपरिचित समाजात बातमी एका गावातून दुसऱ्या गावी नातलगांच्या तोंडून पोहोचते. मुंबईसारख्या महानगरात घडणाऱ्या पडद्यावरील कथेत धमकीला जे वजन असते, त्याहून अधिक वजन तिला येथे असते.

याचे दुःखद प्रत्यंतर १९९४ साली जळगाव येथे उघडकीस आलेल्या प्रकरणात आले. मुली व स्त्रिया यांना फसवून अथवा बळजबरीने जाळ्यात ओढावयाचे, त्यांची छायाचित्रे व चित्रफिती काढावयाच्या आणि त्या जाहीर करण्याची धमकी देऊन त्यांचे लैंगिक शोषण चालू ठेवावयाचे, असे आरोपांचे स्वरूप होते. आरोपींत स्थानिक राजकारणातील व्यक्तींचाही समावेश असल्याने राज्यभर खळबळ उडाली. विशेष तपासाची योजना झाली व खटले विशेष न्यायालयापुढे चालले. अनेक पीडित स्त्रिया लोकापवादाच्या भयाने पुढे आल्या नाहीत, ही तपासातील मुख्य अडचण होती. काही आरोपींना शिक्षा झाल्या; त्यांपैकी काहींची पुढे उच्च न्यायालयात निर्दोष मुक्तता झाली.

चित्रपटातील ब्लॅकमेल व हे वास्तव यांतील अंतर मूलगामी आहे. पडद्यावर बळी पडते ती बहुधा सुस्थितीतील विवाहिता. तिने स्वेच्छेने संबंध ठेवलेला असतो व मागणी पैशाची असते. प्रत्यक्षात बळी पडतात त्यांत अल्पवयीन व अविवाहित मुलीही असतात. मूळ संबंधच फसवणुकीचा वा बळाचा असतो आणि मागणी पुनःपुन्हा देहाचीच केली जाते. पडद्यावर गुपित फुटले की कथा संपते. प्रत्यक्षात ते फुटल्यावर साक्ष, उलटतपासणी व शेजाऱ्यांच्या नजरा यांना आरंभ होतो. चित्रपटात प्रश्न ‘ती चुकली का ?’ असा मांडला जातो. त्याच मापाने वास्तवातील पीडितेला मोजले गेल्यास गुन्हेगाराच्या धमकीला समाजच बळ पुरवितो.

कायदा : १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ब्लॅकमेल हा स्वतंत्र शब्द नव्हता, खंडणीविषयक कलमे (३८३ ते ३८९) व धाकदपटशाविषयक कलमे (५०३, ५०६) यांखाली तो गुन्हा येई. स्त्रीच्या चारित्र्यावर आळ घेण्याची धमकी दिल्यास कलम ५०६ अन्वये ७ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत याच आशयाच्या तरतुदी अनुक्रमे ३०८ व ३५१ या कलमांत असून खंडणीसाठीची कमाल शिक्षा ३ वर्षांवरून ७ वर्षांपर्यंत वाढविली आहे. स्त्रीचे खाजगी क्षणांतील चित्रण चोरून करणे वा पसरविणे हा २०१३ पासून दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला. तत्पूर्वी २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात खाजगीपणाच्या भंगाबद्दल कलम ६६ ई घालण्यात आले होते. बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास १९८३ पासून मनाई आहे. जळगावसारख्या प्रकरणांत या तरतुदीचे महत्त्व विशेष होय, कारण नाव गुप्त राहील ही खात्री असेल तरच तक्रार पुढे येते.

व्यभिचार हा दंडसंहितेच्या कलम ४९७ अन्वये गुन्हा होता. त्यात शिक्षा केवळ परपुरुषाला होई, पत्नीला नव्हे. आणि फिर्याद करण्याचा अधिकार मुख्यतः पतीला असे. म्हणजे ‘गुमराह’मधील मीनेला कायदा तुरुंगात पाठवू शकला नसता, तिला वेठीस धरणारी भीती घर, मुले व लौकिक गमावण्याची होती. पत्नीला पतीची मालमत्ता मानणारे व समतेला बाधक असे हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविले. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र कायम आहे.

मूल्यमापन : या चित्रपटांवरील मुख्य आक्षेप त्यांच्या शेवटाविषयी आहे. पतीने पत्नीला आठवडेच्या आठवडे भयाच्या छायेत ठेवणे हे ‘गुमराह’मध्ये क्षमाशील प्रेमाचे लक्षण म्हणून दाखविले जाते. रोस्सेल्लीनीच्या चित्रपटात त्याच कृतीतील क्रौर्य उघडे पडते, तर अभिनय देव यांच्या चित्रपटात ती हास्यास्पद ठरते. एकाच कल्पनेच्या या तीन रूपांवरून विवाहसंस्थेकडे पाहण्याच्या दृष्टीत होत गेलेला बदल ध्यानात येतो. दुसरा आक्षेप असा, की धमकी देणारी व्यक्ती कथेत केवळ कळसूत्र म्हणून वापरली जाते. तिचा गुन्हा हा मूळ ‘पापा’पेक्षा गौण मानला जातो. कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे : गुपित कोणतेही असो, ते उघड करण्याची धमकी देऊन लाभ उकळणारा गुन्हेगार असतो व धमकी सोसणारी व्यक्ती फिर्यादी असते.

भ्रमणध्वनी व समाजमाध्यमे यांच्या प्रसारानंतर ब्लॅकमेलसाठी पत्र चोरण्याची वा छायाचित्रकार नेमण्याची गरज उरली नाही. ओळख लपवून परगावाहून, प्रसंगी परदेशातूनही धमकी देता येते आणि पुरुषही तिला मोठ्या प्रमाणात बळी पडतात. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, ही या चित्रपटांतील एक गोष्ट मात्र वास्तवाशी तंतोतंत जुळते. म्हणून आलेले संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपणे, पैसे न देणे, विश्वासातील एका तरी व्यक्तीस सांगणे आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे अथवा १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार करणे, हे मार्ग श्रेयस्कर ठरतात.